खाली ठेवलेला स्विच

‘तुम्ही कम्प्यूटरमध्ये होतात म्हणजे नेमकं काय करत होतात हो?’ असं लग्नकार्यात कुणी विचारलं की मी सांगते, ‘तारा ओढत होते.’ विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला वाटत असतं, बाई प्रोग्राम-बिग्राम लिहीत असतील. मी एकही लिहिला नाही. काशीतल्या एका विज्ञान संस्थेच्या संगणक कक्षात मी आयुष्यभर यंत्रं निवडली, जोडली, उघडली, पुसली आणि त्यांच्यामधून तारा ओढल्या. प्रोग्राम लिहिणाऱ्यांची नावं शोधनिबंधावर येतात. तारा ओढणाऱ्याचं नाव फक्त तार तुटली की आठवतं, आणि तेसुद्धा ओरडून. त्याची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर उलट ओरडायची मलाही होती.

आमचं घराणं पाच-सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून इथे आलं. घर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. त्यामुळे आमची मराठी जरा मिसळीची आहे. पुण्याचे पाहुणे आले की आमचं ‘बत्ती गेली’ नि ‘झोला दे’ ऐकून गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. तेच पाहुणे रिक्षावाल्याशी हिंदीत बोलायला लागले की मग आमची पाळी असते.

सांगायची आहे ती गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडची. मोठा संगणक, ज्याला महासंगणक म्हणतात तो, आमच्यासारख्या संस्थेला स्वप्नातही मिळणारा नव्हता. पण तेव्हा एक नवी टूम निघाली होती. बाजारातले साधे संगणक घ्यायचे, तारांनी एकमेकांना जोडायचे, आणि एक मोठं गणित सगळ्यांत वाटून द्यायचं. घरच्या घरी बांधलेला महासंगणक म्हणा. आमच्याकडे हे खूळ आणलं करंदीकर सरांनी. सर मूळचे साताऱ्याचे, नदीच्या प्रवाहाचे अभ्यासक, अत्यंत सज्जन माणूस. बनारसमध्ये येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण हिंदी अजून साताऱ्यातच होती.

त्यांना हा खटाटोप हवा होता तो वीणासाठी. वीणा त्यांची संशोधक विद्यार्थिनी, आमच्याच गल्लीतली, मला मावशी म्हणणारी. पावसाळ्यात गंगा घाटांवर चढते आणि उतरताना गाळ सोडून जाते. मग महिनाभर पंप लावून पायऱ्या धुवाव्या लागतात. लहानपणापासून तिला एकच प्रश्न पडलेला होता, की एका घाटावर कंबरभर गाळ आणि शेजारच्यावर पायरीसुद्धा बुडत नाही, असं का? ते तिला गणिताने सांगायचं होतं. नुसतं कारण नाही, तर पूर येण्याआधी सांगायचं होतं की यंदा गाळ कुठे बसेल. सूत्रं तयार होती. पण एका संगणकावर हे गणित संपायला वर्षभर लागलं असतं, आणि वीणाची शिष्यवृत्ती त्याआधीच संपत होती. घरी लग्नाची घाई चाललेली. शिष्यवृत्ती संपली की प्रबंधही संपला, हे तिला कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

खरेदीच्या बैठकीत सर म्हणाले, ‘सुमनताई, आपण आठ संगणक घेऊ. जोडायला जुना हब आहेच की पडलेला.’

मी म्हटलं, ‘सर, आठ घ्या नाहीतर ऐंशी घ्या. गल्ली एकच असेल तर काय उपयोग?’

हे जरा समजावून सांगते, कारण सगळी गोष्ट ह्यावरच उभी आहे. वीणाचं गणित असं होतं, की नदीचे आडवे पट्टे पाडायचे आणि एकेक पट्टा एकेका संगणकाला द्यायचा. प्रत्येकाने आपापल्या पट्ट्यातलं पाणी हलवायचं. पण पाणी काही हद्द पाळत नाही. म्हणून दर पावलाला प्रत्येक संगणकाने शेजाऱ्याला निरोप द्यायचा, ‘माझ्या काठावरून तुझ्याकडे इतकं पाणी येतंय.’ तो निरोप पोचेपर्यंत शेजारी हात बांधून बसलेला. निरोप छोटे असतात, पण लाखांनी असतात.

आता हे निरोप जातात कुठून? तारा सगळ्या एका डब्यात येतात. जुन्या पद्धतीचा डबा म्हणजे हब. त्याला अक्कल नाही. एकाने काही सांगितलं की तो ते सगळ्यांना ऐकवतो, आणि दोघे एकदम बोलले की दोघांचंही बोलणं फुकट जातं. दोघांनी थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. आमच्या गल्लीत समोरासमोर दोन सांड आले की जे होतं तेच. दुसरा डबा म्हणजे स्विच. तो ज्याचा निरोप त्यालाच देतो, प्रत्येक जोडीला वेगळी गल्ली. शिवाय आमचा हब जुना, त्याचा वेग नव्या स्विचच्या दहावा हिस्सा. पण स्विच तेव्हा नवलाईची वस्तू होती. तो घ्यायचा तर आठाऐवजी सहाच संगणक येत होते.

विभागप्रमुख मिश्राजी अस्सल बनारसी, तोंडात पान आणि डोळ्यांत मिस्किलपणा. ते म्हणाले, ‘दो कंप्यूटर छोड़ के एक डिब्बा? सुमनजी, ये डिब्बा करता क्या है?’

‘सर, जिसकी बात है उसी को बताता है. बाकी किसी को नहीं.’

‘तब तो बनारस में अपनी तरह का पहला होगा.’

सगळे हसले आणि स्विच मंजूर झाला. पण मिश्राजींनी अट घातली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ते स्वतः येऊन बघणार. सहा संगणकांनी मिळून एकट्याच्या निदान चौपट वेगाने काम केलं तर ठीक. नाही तर सहाही यंत्रं सहा दफ्तरांत वाटून टाकणार. त्यांचंही चुकत नव्हतं. पगार विभागाच्या बाबूंनी टेबलावर जागासुद्धा करून ठेवली होती.

मग मी बाजारात गेले. संगणकाला तार जोडायची तर आत एक कार्ड लागतं. ते हलकं घेतलं की प्रत्येक निरोपाला मालकाच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपच्या, दाराशी जाऊन उभं राहतं, ‘हे घ्या, आता ह्याचं काय करू?’ मालक गणित सोडून त्याच्याशी बोलत बसतो. चांगलं कार्ड आपलं आपण निस्तरतं. शिवाय त्या काळी अशी गंमत होती, की खोक्यावरचं नाव तेच, चित्र तेच, आणि आत चिप दुसरीच. म्हणून मी दुकानात काउंटरवरच खोकी फोडून एकेक कार्ड उजेडात धरून बघायला लागले. दुकानदार वैतागला.

‘दीदी, आप कार्ड ले रही हैं कि लड़का देख रही हैं?’

‘लड़का तो एक बार देखा था,’ मी म्हटलं, ‘इसको रोज देखना पड़ेगा.’

आमचे हे बाहेर स्कूटरपाशी उभे होते. त्यांनी ऐकलं असावं, घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

संगणक आले, मांडून झाले. स्विच यायचा होता. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या भाचीचं लग्न निघालं ग्वाल्हेरला. मी सरांना सगळं समजावलं, वीणाला समजावलं, आणि गेले. इकडे स्विच आला त्याच आठवड्यात सरांची आई आजारी पडली आणि तेही साताऱ्याला गेले. राहिले दोघं. एक वीणा, आणि दुसरा आमच्या कक्षाचा परिचर रामधनी. रामधनी म्हणजे दिलेल्या शब्दाला प्राण जाईपर्यंत चिकटणारा माणूस. कुलूप लाव म्हटलं की आत माणूस आहे का हेही विचारणार नाही.

मी लग्न आटोपून आले ती सकाळी सरळ कक्षावर. दारातच वीणा. डोळे सुजलेले.

‘मावशी, सगळं फसलं,’ म्हणाली. ‘दोन यंत्रं लावली तर थोडं भराभर होतं. तीन लावली की तेवढंच. सहा लावली की एकट्यापेक्षाही हळू! आणि मिश्राजी आज दुपारी येणार आहेत.’

सहा जणांनी मिळून एकट्यापेक्षा हळू? म्हणजे स्विचच नासका निघाला की काय? दोन संगणकांवर पाणी सोडून मी तो डबा घ्यायला लावला होता. लोकांनी मला काय म्हटलं असतं ते सोडा, ह्या पोरीचा प्रबंध माझ्या हट्टापायी बुडाला असता. मी पिशवी टाकली आणि आत धावले.

आत बघते तर काय! वरच्या फळीवर जुना हब, सहाही तारा त्याच्यात खोचलेल्या, दोन निरोप एकमेकांवर आदळले की लागणारा त्याचा लाल दिवा अखंड पेटलेला. आणि खाली टेबलावर नवा कोरा स्विच, त्याच्यावर धुतलेला पांढरा रुमाल. एकही तार नाही.

‘हे काय?’ मी किंचाळलेच. ‘ह्याला उपवास कुणी घडवलाय?’

वीणा गोंधळली. ‘सरांचा फोन आला होता ना. मी नव्हते, रामधनीने घेतला. सर म्हणाले, नवा आत्ता रिकामा ठेवायचा. मला वाटलं, आधी हबवर मोजायचं असेल आणि मग स्विचवर, तुलनेसाठी. मी परवा लावून बघणार होते, तर रामधनी हात लावू देईना.’

‘आणि तू ऐकलंस?’

‘सरांनी सांगितलेलं, मावशी. मी कसं मोडू?’

रामधनीला हाक मारली. तो छाती काढून उभा राहिला.

‘साहब का फोन आया था दीदी. बोले, रामधनी, नया वाला खाली रखो, पुराना ऊपर रहने दो. हम पूछे, एकदम खाली? बोले, हाँ हाँ, एकदम खाली, ऊपर गर्मी लगती है. तब से हम एक ठो तार नहीं लगने दिए.’

क्षणभर मला कळेना. मग कळलं, आणि मी कपाळावर हात मारून स्टुलावरच बसले. करंदीकर सर फोनवर हिंदी बोलत होते, पण ‘खाली’ साताऱ्याचं होतं! खाली म्हणजे खाली. खालच्या फळीवर. वर पत्र्याखाली फार तापतं, नवा डबा खाली ठेवा, एवढंच त्या बिचाऱ्यांना म्हणायचं होतं. आणि रामधनीचं ‘खाली’ बनारसचं. खाली म्हणजे रिकामा. त्याने तो जिवापाड रिकामा ठेवला. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला हे दोन्ही ‘खाली’ दुधाबरोबर मिळतात. वीणाने सरांच्या तोंडून ऐकलं असतं तर तिला लगेच उमगलं असतं. पण तिच्यापर्यंत निरोप आला तो रामधनीमार्फत.

मी वीणाला सांगितलं तर ती हसायला लागली ती थांबेना, आणि मधेच रडायला लागली. मी म्हटलं, ‘बाई, काय ते एक कर, आणि नंतर कर. आधी तारा काढ.’

रामधनीला मराठीतला अर्थ सांगितला. त्याने विचार केला आणि म्हणाला, ‘तो साहब नीचे बोलते न! नीचे बोलने में का जाता है?’

तारा हबमधून काढून स्विचमध्ये लावल्या. दिवे लागले. एक, दोन, तीन, चार, पाच हिरवे आणि शांत. सहावा लुकलुकतोय. गणित सुरू केलं तर पाच जण धावतायत आणि सहाव्याचे निरोप वाटेतच गळतायत. हबवर हीच तार बरी चालत होती. हेच तर तारेचं असतं. सावकाश चालताना लंगडेपणा दिसत नाही, पळायला लागलं की उघडं पडतं.

तारेच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनाच्या जोडीने पिळलेल्या. टोकाला खोचताना ही जोडी मोडायची नाही, असा नियम. एकीत निरोप जातो, तिच्या जोडीदारणीत त्याचा तोल राहतो. मी पाच तारा स्वतः केल्या होत्या. सहावी मी नसताना वीणाने बाहेरच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली होती. त्याने सगळे पांढरे एकीकडे आणि रंगीत दुसरीकडे, असे दृष्टीला बरे दिसतील असे मांडले होते. टोकं कापली, तारा सोडवल्या, ओळीने लावल्या, पक्कडीने दाबल्या. बाहेर जिन्यावर मिश्राजींचा खाकरा ऐकू आला.

सहावा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

मिश्राजी आले, खुर्ची ओढून बसले. वीणाने आधी एका यंत्रावर छोटं गणित चालवून दाखवलं. मिश्राजींनी तेवढ्यात चहा मागवला. चहा आला, पिऊन झाला, पानही लागलं, तेव्हा कुठे ते संपलं. मग तेच गणित सहांवर. वीणाने कळ दाबली. मिश्राजींनी नवा चहा सांगितला. रामधनी दारापर्यंत पोचला असेल नसेल, आकडे पडद्यावर आले.

मिश्राजींनी चष्मा वर करून आकडे पाहिले, मग वीणाकडे पाहिलं. ‘हो गया?’

‘हो गया, सर.’

‘हमारी चाय तो आने देतीं बिटिया,’ ते म्हणाले. आणि उठता उठता मला म्हणाले, ‘बाबू लोगों को हम समझा देंगे. इसको कोई नहीं छुएगा.’

सर परतल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं, आणि मग इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ‘सुमनताई,’ म्हणाले, ‘इतकी वर्षं मी भाजीवाल्याला पिशवी खाली रखो म्हणतोय आणि तो ती ओतून देतोय. मला वाटायचं, इथली रीतच असेल.’

तो उन्हाळा मात्र विसरायचा नाही. बाहेर लूच्या झळा, आत सहा यंत्रांची धग, आणि बत्ती कधी जाईल त्याचा नेम नाही. वीणा दर थोड्या वेळाने केलेलं काम साठवून ठेवायची. बत्ती गेली की आम्ही पंख्याविना बसायचो आणि ती आली की पुन्हा मागच्या पावलावरून सुरुवात. नाकी नऊ आले, पण गणित पुढे सरकत राहिलं. आषाढ लागता लागता ते संपलं आणि पडद्यावर घाटांचा नकाशा उमटला. कुठे किती गाळ बसणार ते रंगांत.

भोसले घाटावर थोडा, ते सगळ्यांना पटलं. पण मुन्शी घाटाच्या एका कोपऱ्यात गडद तपकिरी डाग, म्हणजे भरपूर गाळ. तिथे कधीच गाळ बसत नाही, असं नावाडी छातीठोकपणे सांगत होते. ‘उहाँ माटी ना जमेला,’ म्हणाले. सरांनी वीणाला बजावलं, ‘जे यंत्राने दिलंय तेच लिहून सील करून ठेव. पूर येऊन गेला की बघू. चुकलं तर चुकलं असंही लिहायचं.’ वीणाने मान हलवली, पण तिला जेवण जाईना. तिची आई मला गाठून विचारायची, ‘अहो, ह्या पोरीला झालंय तरी काय?’ सगळं वर्ष, सगळी शिष्यवृत्ती त्या एका डागावर येऊन बसली होती.

त्या यंत्रांचं पुढे व्हायचं तेच झालं. मिश्राजी निवृत्त झाले, नवे साहेब आले, आणि संगणक शेवटी टेबलाटेबलांवर गेलेच. स्विच कुठे गेला मला ठाऊक नाही. मी इतक्या हौसेने निवडलेली दुसरी कुठली वस्तू आठवत नाही, आणि तिचा साधा फोटोही माझ्याजवळ नाही. ह्याचं मला आजही वाईट वाटतं. पण ते सगळं नंतरचं. त्या वर्षी पूर आला, चढला, नवरात्राच्या सुमाराला उतरला, आणि आम्ही तिघं मुन्शी घाटावर गेलो.

पंप अजून तिथवर पोचले नव्हते. सरांच्या हातात खुणा केलेला बांबू, माझ्या हातात सगळ्यांच्या चपला. तो कोपरा लांबून अगदी सपाट, कोरडा दिसत होता. वर तडे गेलेली माती, जेमतेम बोटभर असावी अशी. तिच्याखाली लगेच पायऱ्या असणार असं वाटावं. सर बांबूवरच्या खुणा पुन्हा मोजायला लागले. वीणाचा चेहरा पांढरा पडला होता.

‘मी बघते,’ म्हणाली आणि कुणी अडवायच्या आत साडी वर खोचून तिने पाय टाकला.

पाय गेला. घोटा गेला, पोटरी गेली, गुडघा गेला. तोल सावरायला तिने दुसरा टाकला, तर तोही गेला. ‘मावशी!’ असं ती जिवाच्या आकांताने ओरडली. माझ्या हातातल्या चपला गळाल्या. मी धावले, वाकून तिचे दोन्ही दंड धरले आणि ओढायला लागले. तर ही बया मांडीपर्यंत गाळात उभी, गालांवरून पाणी वाहतंय, आणि माझे हात झटकतेय.

‘काढू नका मला, मावशी! आधी मोजा! सर, मोजा ना!’